तीन चिठ्ठ्या, एक डबी : काचबिंदू आणि रात्रीच्या रक्तदाबाचे एक प्रकरण

“ताई, डाव्या डोळ्यानं वाचताना वेलांटी गळतीय. पहिली का दुसरी, ते उमगंना झालंय.”

मे २०२३ मध्ये लातूर जिल्ह्याच्या रेणापूर तालुक्यातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, काचबिंदूचे माझे जुने रुग्ण, माझ्या डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीला आले, तेव्हा त्यांची तक्रार एवढीच होती. त्यांचे वय तेव्हा ७१ वर्षांचे होते. (ओळख पटू नये म्हणून काही व्यक्तिगत तपशील बदलले आहेत, इथे त्यांना गुरुजी म्हणते, कारण गावात आणि माझ्याकडेही त्यांना सगळे तसेच हाक मारतात.) डाव्या डोळ्याची नजर तक्त्यावर ६/९ होती, म्हणजे त्या वयाला उत्तमच. डोळ्यांचा दाब उजवीकडे १३ आणि डावीकडे १२ मि.मी. पारा इतका, मी त्यांच्यासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या आतच होता. गर्दीच्या दिवशी अशा रुग्णाला “थेंब चालू ठेवा, सहा महिन्यांनी या” असे सांगून पाठवणे सहज घडते. मी त्यांना थांबवून घेतले ते केवळ वेलांटीमुळे. ज्या माणसाने उभ्या नोकरीत मुलांच्या वह्यांमधले ऱ्हस्वदीर्घ तपासले, तो वेलांटी दिसत नाही म्हणतो, तेव्हा नुसता चष्म्याचा नंबर बदलून भागणार नाही, असे मला वाटले.

गुरुजी श्रावणात गावच्या मंदिरात पोथी वाचतात. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढलेला असल्याने आणि डाव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया २०१९ मध्येच झालेली असल्याने त्यांचे सगळे वाचन डाव्या डोळ्यावर चालते. हे नसते तर चांगल्या डोळ्याने वाईट डोळ्याची उणीव भरून काढली असती आणि ही तक्रार आणखी दोन-तीन वर्षे त्यांच्याही लक्षात आली नसती. काचबिंदू म्हणजे डोळ्याची नस हळूहळू झिजवणारा आजार, आणि त्याचा खरा धोका हाच आहे, की एका डोळ्याने गमावलेले दुसरा डोळा झाकून घेतो.

बाहुली मोठी करून पाहिले, तेव्हा डाव्या डोळ्याच्या नसेच्या चकतीवर (नस डोळ्यातून बाहेर पडते त्या गोल जागेवर), घड्याळातल्या पाचच्या जागी, काठाशी ज्योतीच्या आकाराचा बारीकसा रक्तस्राव दिसला. तिथेच चकतीची कड खालच्या बाजूने खचलेली होती. हा रक्तस्राव दुखत नाही, त्याने काही झाकले जात नाही आणि काही आठवड्यांत तो विरूनही जातो. पण काचबिंदू असलेल्या डोळ्यात तो दिसला, तर दाबाचा आकडा काहीही असो, आजार पुढे सरकत असण्याची शक्यता वाढते. नेहमीच्या दृष्टिक्षेत्र-तपासणीत (नजर एका बिंदूवर रोखून आजूबाजूचे किती दिसते ते मोजण्यात) जुन्या नोंदींपेक्षा किंचितच फरक आला. परंतु त्या तपासणीतले बिंदू एकमेकांपासून ६ अंशांवर असतात आणि नजरेच्या अगदी मध्याजवळ त्यातले मोजकेच येतात. म्हणून मध्यभागाच्या १० अंशांची, २-२ अंशांवर बिंदू असलेली वेगळी तपासणी केली. तिच्यात नजर रोखलेल्या बिंदूच्या लगेच वर, नाकाच्या बाजूला, एक काळा डाग स्पष्ट उमटला.

नसेची कड खालून खचली की दृष्टी वरून जाते, कारण डोळ्यातली प्रतिमा उलटी पडते. देवनागरीत वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि रफार शिरोरेषेच्या वर असतात. मोठ्या टाइपाच्या पोथीत गुरुजींची नजर अक्षराच्या अंगावर टेकत होती आणि अक्षराचे डोके त्या काळ्या डागात जात होते. यंत्राने जे अंशांत सांगितले ते त्यांनी आधीच व्याकरणात सांगितले होते.

आता मागचा इतिहास. २०१८ मध्ये चष्म्यासाठी आले असताना त्यांचा काचबिंदू सापडला. दाब उजवीकडे २२ आणि डावीकडे २३ होता, डोळ्याच्या आतले पाणी बाहेर जाण्याचा कोन उघडा होता आणि बुबुळाची जाडी ५१५ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे सरासरीपेक्षा कमी होती. पातळ बुबुळावर दाब प्रत्यक्षापेक्षा थोडा कमी मोजला जातो, हेही तेव्हा नोंदवून ठेवले. रात्री एक थेंब लॅटानोप्रोस्ट सुरू केल्यावर दाब १६ वर आला. २०२० च्या अखेरीस डाव्या डोळ्याच्या क्षेत्रात थोडी घट दिसली, म्हणून लॅटानोप्रोस्ट आणि टिमोलॉल एकत्र असलेली बाटली रात्रीच घालायला दिली. दम्याचा त्रास नाही आणि नाडी ६८ आहे, हे विचारून-तपासूनच ती दिली होती. दाब १२-१३ वर स्थिरावला. स्वीडनमधल्या काचबिंदूच्या एका मोठ्या चाचणीत असे आढळले होते, की दाब १ मि.मी. पाऱ्याने कमी झाला की आजार वाढण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटतो. त्या हिशेबाने गुरुजींचे उत्तम चालले होते. तरीही नस झिजत होती.

अशा वेळी पहिली शंका रुग्णाच्या नियमितपणावर घेतली जाते. थेंब नीट पडतात का, बाटली महिनाभर पुरते का, हे सर्व विचारले. सूनबाई स्वतः थेंब घालतात आणि बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहितात. दुसरी शंका अशी, की दाब माझ्यासमोर चांगला असतो आणि इतर वेळी चढतो. म्हणून एक दिवस त्यांना सकाळी ९ पासून संध्याकाळी ६ पर्यंत बसवून चार वेळा दाब मोजला. तो ११ ते १४ च्या दरम्यानच राहिला. शेवटी अर्धा तास उताणे झोपवून हाती धरायच्या यंत्राने मोजला, तेव्हा उजवीकडे १७ आणि डावीकडे १८ भरला. आडवे झाल्यावर डोळ्याचा दाब काही मि.मी. वाढणे हे सर्वांमध्येच घडते; त्यात वावगे काही नव्हते. मात्र हा १८ चा आकडा पुढे कामाला आला.

नस दाबाने मरते की उपाशी मरते

डोळ्याची नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अतिशय बारीक असतात. रक्त आत ढकलणारा जोर रक्तदाबाचा आणि त्याला अडवणारा जोर डोळ्याच्या दाबाचा; या दोहोंतली तफावत म्हणजे नसेच्या वाट्याला येणारा रक्तपुरवठ्याचा दाब. मोजायची सोपी रीत म्हणजे खालच्या रक्तदाबातून डोळ्याचा दाब वजा करणे. ही तफावत कमी होण्याचे मार्ग दोन आहेत. डोळ्याचा दाब चढणे हा पहिला, आणि आम्ही नेत्रवैद्य उभी हयात त्याच्यावर नजर ठेवतो. रक्तदाब उतरणे हा दुसरा. त्याच्याकडे पाहण्याचे यंत्र आमच्या खोलीत बहुधा नसतेच.

गुरुजींच्या मुलाला हे मी ठिबकच्या भाषेत सांगितले, कारण त्याचे मोसंबीचे दोन एकर ठिबकवर आहे. मोटारीचा दाब पुरेसा असतो तोवर ओळीतल्या सर्व झाडांना सारखे पाणी मिळते. दाब उतरला की पहिल्या झाडांना काही कळत नाही. शेवटच्या झाडाखालची माती तेवढी कोरडी राहते. तो लगेच म्हणाला, “आणि त्या झाडाच्या बुडाशी चिखल दाटला असंल तर आधी तेच वाळतंय.” काचबिंदू झालेल्या नसेची अवस्था याहून नेमकी सांगता येणार नाही.

निरोगी नसेच्या रक्तवाहिन्या रक्तदाब खालीवर झाला तरी स्वतः आकुंचन-प्रसरण पावून प्रवाह सारखा राखतात. म्हातारपणी, वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने वाहिन्या ताठर झाल्यावर आणि काचबिंदूमध्ये ही क्षमता कमी होते. त्यामुळेच रक्तदाब आणि काचबिंदू यांचे नाते सरळ रेषेचे नाही. रक्तदाब जास्त असला की डोळ्याचा दाबही किंचित जास्त असतो, पण ही वाढ फारच थोडी आहे : वरचा रक्तदाब १० ने वाढला तर डोळ्याचा दाब पाव मि.मी.च्या आसपास वाढतो. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले, तरुण वयात उच्च रक्तदाब जणू नसेला राखतो आणि उतारवयात तोच तिच्या मुळावर येतो, असे चित्र दिसले. तिथेच असेही आढळले, की ज्यांचा वर सांगितलेला वजाबाकीचा आकडा ३० च्या खाली होता त्यांच्यात काचबिंदूचे प्रमाण ५० च्या वर असलेल्यांपेक्षा सुमारे सहापट होते. बार्बाडोस बेटावर तीच माणसे वर्षानुवर्षे पाहत राहिलेल्या अभ्यासातही कमी रक्तदाब आणि कमी रक्तपुरवठा-दाब असलेल्यांना पुढे काचबिंदू होण्याचा धोका जास्त निघाला. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीच्या पाहणीतली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिथे खालचा रक्तदाब ९० च्या आत औषधांमुळे आलेल्या लोकांत, काचबिंदू नसतानाही, नसेच्या चकतीमधला खळगा अधिक खोल आढळला. ज्यांचा रक्तदाब औषधांविना स्वभावतःच ९० च्या आत होता त्यांच्यात तसे आढळले नाही. म्हणजे कमी रक्तदाबाची सवय असलेल्या शरीराची गोष्ट वेगळी आणि चढ्या रक्तदाबाची सवय झालेल्या शरीराला औषधाने खाली आणण्याची गोष्ट वेगळी.

आणि हे खाली येणे सर्वांत जास्त होते ते रात्री. झोपेत रक्तदाब दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी उतरणे निरोगीपणाचे लक्षण आहे. २० टक्क्यांहून जास्त उतरला तर तो अति उतार समजतात. मूळचे पंजाबचे आणि पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम केलेले नेत्रवैद्य सोहन सिंग हायरे यांनी १९९४ मध्ये रात्रीच्या या उताराचा डोळ्याच्या नसेच्या उपासमारीशी संबंध दाखवला आणि रक्तदाबाची औषधे रात्री घेतल्याने तो वाढतो, याकडे लक्ष वेधले. २०१४ मधल्या अमेरिकेतील अभ्यासात, डोळ्याचा दाब सामान्य असूनही होणाऱ्या काचबिंदूचे रुग्ण रात्री दिवसाच्या सरासरीपेक्षा किती खाली आणि किती वेळ राहतात यावरून त्यांच्या दृष्टिक्षेत्राची पुढची घट ओळखता आली. हे सगळे मी वाचलेले होते. वाचलेले असूनही गुरुजींना त्यांच्या रात्रीविषयी मी पाच वर्षांत एकही प्रश्न विचारला नव्हता.

डबीत काय होते

पुढच्या खेपेला घरातली सगळी औषधे घेऊन या, असे सांगितले. सूनबाईंनी स्टीलची एक गोल डबी आणली. तिच्यात रात्रीच्या गोळ्या होत्या, आणि गुरुजींच्या जवळजवळ सगळ्याच गोळ्या रात्रीच्या होत्या. २०२१ मध्ये त्यांचा रक्तदाब १६४/९६ निघाला, तेव्हा लातूरच्या एका फिजिशियनांनी टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ सुरू केली. पुढे दवाखान्यात मोजलेला आकडा १५० च्या वर राहिला म्हणून टेल्मिसार्टन ८० झाली आणि क्लोरथॅलिडोन साडेबारा, म्हणजे लघवीवाटे पाणी-मीठ काढणारी गोळी, वाढवली. २०२२ च्या शेवटी प्रोस्टेटच्या त्रासासाठी मूत्रविकारतज्ज्ञांनी टॅम्सुलोसिन दिले, तेही रात्री. या औषधाने रक्तवाहिन्याही थोड्या सैलावतात. आणि पाचवी वस्तू माझी : टिमोलॉलचा थेंब. डोळ्यात घातलेला थेंब नाकाच्या नळीतून अंगात शिरतो आणि नाडी मंद करतो, रात्रीचा रक्तदाबही उतरवतो. वर झोपेत डोळ्यातले पाणी तयार होण्याचा वेग आधीच मंदावलेला असल्याने रात्री टिमोलॉल दाबावर फारसे काम करत नाही. म्हणजे फायद्याची वेळ दिवसाची आणि अपायाची रात्रीची, असे असून मी ते रात्री देत होते.

प्रत्येक चिठ्ठी वेगळी पाहिली तर तिच्यात चूक काढता येत नाही. कोणाही डॉक्टरने दुसऱ्याची चिठ्ठी पाहिली नव्हती एवढेच. रात्री साडेनऊला जेवणानंतर, पाण्याच्या एकाच घोटाबरोबर, या सगळ्यांची बेरीज होत होती. सूनबाईंनी विसर पडू नये म्हणून मायेने केलेली सोय होती ती, त्यांना काय बोलायचे! त्यातच उन्हाळा, ४० च्या वरचे ऊन, लघवीला उठावे लागू नये म्हणून गुरुजींनी संध्याकाळनंतर पाणी पिणे सोडलेले आणि ती लघवीवाटे पाणी-मीठ काढणारी गोळी चालू. रक्तातले सोडियम १३१ निघाले, जे १३५ च्या खाली नसावे.

फिजिशियनांना मी फोन केला. आम्ही दोघे एकाच शहरात वर्षानुवर्षे व्यवसाय करत असून एका रुग्णावर बोलण्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी चोवीस तास रक्तदाब मोजणारे यंत्र गुरुजींच्या दंडाला बांधून त्यांना गावी पाठवले. यंत्र दिवसा दर २० मिनिटांनी आणि रात्री दर ३० मिनिटांनी मोजत होते. झोपण्याच्या, उठण्याच्या, चालण्याच्या वेळा लिहून ठेवा असे सांगितले होते. बहुतेक रुग्ण दोन ओळी लिहितात. गुरुजींनी शाळेच्या दुरेघी वहीचे पान भरून आणले, शाईच्या पेनाने, तारीखवार आणि वेळवार. त्यातली एक नोंद अशी होती : “पहाटे ३.१०. लघवीस उठलो. बाजेवरून उठताच डोळ्यांपुढे अंधारी. भिंत धरली. हे रोजचेच.”

यंत्राच्या कागदावर ३ वाजून ५ मिनिटांची, म्हणजे त्याच्या पाच मिनिटे आधीची नोंद होती ८४/४६, नाडी ४८. दिवसाची सरासरी १२८/७४ आणि झोपेतली ९८/५४, म्हणजे उतार २३ टक्के. दवाखान्यात १५० दाखवणारा माणूस घरी दिवसाही १२८ वर होता, एस.टी.चा प्रवास, ऊन, जिना आणि डॉक्टरांसमोरची धास्ती यांनी फुगलेल्या आकड्यावर गोळ्या वाढत गेल्या होत्या.

४६ मधून आडवे असतानाचा १८ वजा केला की २८ उरतात. बाल्टिमोरची ३० ची रेषा जागेपणी, बसून घेतलेल्या मोजमापांवरची आहे. ती झोपेतल्या आकड्याला जशीच्या तशी लावणे शास्त्राला धरून होणार नाही. शिवाय १८ हा आकडा दुपारी मोजलेला, पहाटेचा नव्हे. तरीही खचलेली नस, तिच्यावरचा ताजा रक्तस्राव, पहाटेची अंधारी आणि हा कागद यांची साक्ष एकाच दिशेने जात होती, आणि सोडियमचा आकडा व २३ टक्क्यांचा उतार हे तर डोळ्यांचा विचार बाजूला ठेवूनही दुरुस्त करण्याजोगेच होते. अशा अंधारीत एखाद्या पहाटे भिंत हाती लागली नसती, तर खुब्याचे हाड मोडून गुरुजी माझ्याऐवजी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले असते.

गोळी बंद करायची नाही

कागद पाहून मुलगा म्हणाला, “मग मॅडम, बी.पी.ची गोळी बंदच करून टाकू ना.” हा प्रश्न इथे सविस्तर लिहिते, कारण हे प्रकरण वाचून कोणाच्याही मनात तोच येईल. नाही. गुरुजींचा मूळचा १६४/९६ रक्तदाब पक्षाघाताला, हृदयविकाराला आणि मूत्रपिंडाच्या बिघाडाला आमंत्रण देणारा होता, आणि तो मोकाट सोडला तर डोळ्यातल्याच बारीक वाहिन्यांची नासाडी होऊन नस पुन्हा उपाशी राहते. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्सच्या पाहणीत उच्च रक्तदाब, विशेषतः नीट आटोक्यात नसलेला, काचबिंदूशी जोडलेला आढळला होता. काचबिंदू आहे म्हणून मनाने रक्तदाबाच्या गोळ्या सोडलेले आणि मग अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले रुग्ण मी पाहिले आहेत. बदल करायचा तो गोळी देणाऱ्या डॉक्टरांनी, मोजून आणि मापात.

फिजिशियनांची हरकत वेगळी आणि रास्त होती. रात्री गोळी घेतल्याने हृदयाला जास्त संरक्षण मिळते, असा २०१९ च्या एका स्पॅनिश अभ्यासाचा दावा त्यांनी वाचलेला होता आणि त्यामुळेच ते अनेकांना रात्री गोळी देत होते. त्या अभ्यासावर पुढे बरीच टीका झाली. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या २१,१०४ रुग्णांवरच्या ‘टाइम’ चाचणीत सकाळी आणि संध्याकाळी गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. हृदयाचे काही जात नसेल आणि डोळ्याचे काही राहत असेल, तर गोळी सकाळी का नको, एवढेच मी म्हटले. ते तत्काळ मान्य झाले.

क्लोरथॅलिडोन बंद केले. टेल्मिसार्टन पुन्हा ४० वर आणून सकाळी न्याहारीनंतर घ्यायला सांगितले. अ‍ॅम्लोडिपिनही सकाळीच, जरी ती अंगात दीड-दोन दिवस टिकून राहत असल्याने तिच्या वेळेने विशेष फरक पडणार नव्हता. मूत्रविकारतज्ज्ञांशी बोलून टॅम्सुलोसिन दुपारच्या जेवणानंतर नेले आणि त्यानंतर तासभर उन्हात जायचे नाही, असे ठरले. संध्याकाळी सातपर्यंत पुरेसे पाणी प्यायचे. माझ्याकडून टिमोलॉल काढले, लॅटानोप्रोस्ट एकटे रात्री ठेवले, कारण ते चोवीस तास दाब राखते, आणि जोडीला रात्रीही काम करणारे डॉर्झोलामाइड दिले. ते डोळ्यात चुरचुरते आणि तोंडाला कडू लागते. गुरुजींनी पंधरा दिवस नाराजी दाखवली, मग सवय झाली.

सप्टेंबर २०२३ मध्ये यंत्र पुन्हा बांधले. दिवसाची सरासरी १३४/७६, झोपेतली ११६/६४, सर्वांत खालचा आकडा १०४/५८, नाडी ५८, सोडियम १३८. उतार १३ टक्के. आडवे असतानाचा डोळ्याचा दाब १७, म्हणजे तळाचा उरलेला आकडा २८ वरून ४१ झाला. पहाटेची अंधारी गेली होती; वहीच्या पानावर या खेपेला ३.४० ला “उठलो, आलो, झोपलो” एवढेच होते.

पुढच्या वैशाखात, मे २०२४ मध्ये, हाच खेळ पुन्हा होईल का ही धास्ती मला होती, म्हणून काहीही तक्रार नसताना तिसऱ्यांदा यंत्र बांधायला लावले. त्याच गोळ्यांवर झोपेतली सरासरी १०६/५८ पर्यंत उतरलेली निघाली. ऊन वाढले की वाहिन्या सैलावतात, घामावाटे पाणी-मीठ जाते आणि हिवाळ्यात बरोबर असलेली मात्रा उन्हाळ्यात जास्त होते. फिजिशियनांनी उन्हाळ्यापुरती टेल्मिसार्टन २० केली आणि पावसाळ्यात पुन्हा ४०. आमच्या भागात हा हंगामी हिशेब प्रत्येक म्हाताऱ्या रक्तदाबाच्या रुग्णासाठी मांडायला हवा, असे माझे ठाम मत झाले आहे.

दृष्टिक्षेत्राचे सांगायचे तर, पुढच्या दोन वर्षांत मध्यभागाच्या पाच तपासण्या झाल्या आणि डाग वाढलेला नाही. चकतीवर नवा रक्तस्राव दिसलेला नाही. यावरून रात्रीचा रक्तदाब सुधारल्यानेच नस वाचली, असे मी म्हणणार नाही. एक रुग्ण, एकाच वेळी केलेले पाच-सहा बदल, आणि आजार आपणहूनही काही काळ थबकू शकतो. रात्रीचा रक्तदाब मुद्दाम वर राखून काचबिंदू थांबतो, हे दाखवणाऱ्या भक्कम चाचणीचे बळ या निर्णयामागे नाही. तो निरीक्षणांच्या आणि शरीरशास्त्राच्या आधारावर, आणि गोळ्या तशाही जास्त होत्या या साध्या वस्तुस्थितीवर घेतलेला आहे. गेलेली दृष्टी परत आलेली नाही आणि येणारही नाही. हे गुरुजींना पहिल्याच दिवशी सांगितले होते, कारण आमच्याकडे काचबिंदूलाही मोतीबिंदूसारखे “ऑपरेशन करून निघेल” असे मानणारे पुष्कळ आहेत.

त्या वर्षापासून माझ्या दवाखान्यात साठीपुढच्या प्रत्येक काचबिंदूच्या रुग्णाला चार गोष्टी विचारल्या जातात : रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या कोणत्या गोळ्या आहेत, त्या किती वाजता घेता, रात्री उठताना अंधारी येते का, आणि उन्हाळ्यात पाणी किती पिता. उत्तरे केसपेपरवर दाबाच्या आकड्याशेजारी लिहिली जातात. दाब ताब्यात असूनही नस झिजत असेल, तर चोवीस तासांचे यंत्र सुचवून मी फिजिशियनांना चिठ्ठी देते. सर्वांना ते यंत्र लावावे असे नाही; ते सर्वत्र मिळत नाही आणि दंड आवळत राहिल्याने झोपही मोडते.

गुरुजींच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू आता काढायला झाला आहे. त्यांनी तारीख श्रावणानंतरची मागितली आहे. या श्रावणात पोथीसाठी ते नजर अक्षराच्या अंगावर न टेकवता शिरोरेषेच्या जरा वर ठेवून वाचतात. डाग मग वर सरकतो आणि वेलांटी दिसते. ही युक्ती त्यांना मी शिकवलेली नाही, त्यांची त्यांनीच बसवली आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही हे विचारायला सूनबाई मागच्या आठवड्यात येऊन गेल्या. डबी सोबत होती. तिच्यात आता पुठ्ठ्याचा आडोसा घालून सकाळ आणि दुपार असे दोन भाग केलेले आहेत, आणि रात्रीचा भाग नाही.